पर्जन्यमापक : एका नावाची कुळकथा

(ढोकी, जिल्हा धाराशिव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत मी मुलांना सहज विचारले, "तुमच्या गावात पाऊस कशाने मोजतात?" एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, "डब्याने." गुरुजी थोडे संकोचले. "अरे, पर्जन्यमापक म्हण," असे त्यांनी सुचविले. मुलाने तो शब्द बरोबर उच्चारला आणि लगेच विचारले, "गुरुजी, पर्जन्य म्हणजे काय?" त्या दिवशी मी जुजबी उत्तर देऊन निभावून नेले. पण परतीच्या वाटेवर वाटत राहिले की, मुलाचा प्रश्न खरा होता आणि माझे उत्तर अपुरे होते. आजचे व्याख्यान हे त्या उत्तराची राहिलेली बाकी आहे.

हा विषय ढोकीत मांडण्याला कारण आहे. आपला भाग पावसाच्या बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या आठवणीत आहे आणि २०१५-१६ चा दुष्काळ तर तरुणांच्याही. उलट २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. अशा प्रदेशात पाऊस किती पडला हा केवळ शास्त्राचा प्रश्न राहत नाही. त्यावर कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. म्हणून ज्या साधनाने तो मोजला जातो, त्याचे नाव काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पर्जन्य, वर्ष आणि पाऊस

प्रथम 'पर्जन्य' हा शब्द घेऊ. ऋग्वेदात पर्जन्य ही देवता आहे. ती गर्जना करते आणि वनस्पतींच्या ठायी बीज ठेवते. पुढे अमरकोशाने या शब्दाचे दोन अर्थ दिले : गर्जणारा मेघ आणि इंद्र. अन्न पर्जन्यापासून होते, हा विचार भगवद्गीतेत आला आहे. म्हणजे मुळात पर्जन्य हा वरून देणारा आहे. जे पडते ते पाणी हा अर्थ त्याला नंतर चिकटला. काटेकोर अर्थ लावू गेल्यास 'पर्जन्यमापक' म्हणजे मेघ मोजणारा, आणि मेघाला तर कोणी माप लावू शकत नाही ! परंतु शब्दांचे अर्थ नदीच्या पात्रासारखे सरकतात. आज मराठीत पर्जन्य म्हणजे पाऊस, याबद्दल वाद नाही.

आपला घरगुती शब्द 'पाऊस' हाही काही परका नव्हे. संस्कृतात पावसाळ्याला 'प्रावृष्' म्हणतात. प्राकृतात त्याचे 'पाउस' झाले आणि मराठीत 'पाऊस'. ऋतूचे नाव पाण्याला मिळाले. तिसरा शब्द 'वर्ष'. याचा एक अर्थ पाऊस आणि दुसरा अर्थ बारा महिन्यांचा काळ. ज्या लोकांनी पावसाच्या नावाने काळ मोजला, त्यांच्या जीवनात पावसाचे स्थान काय होते हे वेगळे सांगावयास नको. आजही शेतकरी 'यंदाचे वर्ष चांगले' म्हणतो तेव्हा तो पंचांगाबद्दल बोलत नसतो.

मापक : एक धातू, अनेक भाषा

आता 'मापक'. संस्कृतात 'मा' या धातूचा अर्थ मोजणे. त्यापासून मान, माप, मात्रा, परिमाण, प्रमाण, अनुमान असे शब्दांचे मोठे कुटुंब झाले. ग्रीक भाषेतील 'मेट्रोन' हा शब्द याच प्राचीन मुळाचा आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यापासून आपल्या रोजच्या बोलण्यातला 'मीटर' आला. फार्सीतील 'पैमाना' आणि जमीनमोजणीचा जुना शब्द 'पैमाइश' हेही त्याच गोतातले. मराठवाड्यात निजामी राजवटीत दप्तराची भाषा उर्दू होती, त्यामुळे येथल्या जुन्या कागदांत पैमाइश भेटते, आजच्या कागदांत मोजमाप आणि इंग्रजी पुस्तकांत मीटर. वाटा वेगळ्या, पण आजोळ एक.

शास्त्रीय उपकरणांची मराठी नावे पाहिली तर त्यांत एक शिस्त दिसते. ज्याच्या नावात 'दर्शक' आहे ते दाखविते, जसे सूक्ष्मदर्शक. ज्याच्या नावात 'लेखक' आहे ते नोंद लिहून ठेवते, जसे भूकंपलेखक. ज्याच्या नावात 'मापक' आहे ते संख्या देते : तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक. सगळीच नावे अशी घडविलेली नाहीत. 'दुर्बीण' हा शब्द फार्सीतून आला. 'दूर' आणि 'बीन', म्हणजे दूरचे पाहणारी. तो लोकांच्या तोंडी इतका रुळला की, 'दूरदर्शक' म्हणण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. 'हवामान' या शब्दात तर अरबी-फार्सीतून आलेली हवा आणि संस्कृतातील मान एका घरात सुखाने नांदतात.

इंग्रजीत या उपकरणाला 'रेनगेज' म्हणतात. रेन म्हणजे पाऊस, गेज म्हणजे माप. या जिल्ह्यातून वर्षानुवर्षे धावलेल्या बार्शी लाइट रेल्वेला आपण 'नॅरोगेज' म्हणत होतो, तोच हा गेज. तेथे रुळांतील अंतराचे माप, येथे पावसाचे. युरोपीय विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक शब्द जोडून 'प्लुव्हिओमीटर', 'हायटोमीटर' अशी भारदस्त नावेही केली. पाऊस आणि माप यांच्यापलीकडे त्यांचाही अर्थ जात नाही. कोरियात इ. स. १४४१ मध्ये राजा सेजोंग याच्या काळी पाऊस मोजण्याचे पात्र तयार झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे माप ठरवून ते प्रांतोप्रांती पाठविले गेले. त्याचे नाव 'चुगुगी'. त्याचाही अर्थ पाऊस मोजण्याचे साधन एवढाच. त्या शाळेतल्या मुलाने 'डबा' म्हटले, तेव्हा तो सत्यापासून फार दूर नव्हता.

कोठारातील कुंड

परंतु या उपकरणाचे एक नाव या सर्वांहून जुने आहे आणि ते आपल्या देशातले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वर्षमान' असा शब्द येतो. एक अरत्नी, म्हणजे सुमारे एक हात, रुंदीच्या तोंडाचे कुंड कोठारात पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. हे कुंड ज्योतिषाच्या घरी किंवा देवळात न ठेवता धान्याच्या कोठारात ठेवावयाचे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेतीच्या अधिकाऱ्यास, ज्याला अर्थशास्त्र 'सीताध्यक्ष' म्हणते, कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो हे ठाऊक असावे लागे. द्रोण या मापात ते आकडे तेथे दिलेले आहेत. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत तेवीस, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप. अश्मक देशात मात्र सुमारे तेराच द्रोण. अश्मक हा गोदावरीकाठचा प्रदेश. आपला मराठवाडा त्याच परिसरातला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे जेमतेम त्याचा चौथा हिस्सा. ही विषमता त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही मापाने ठाऊक होती.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर रुंदीच्या कुंडातले पाणी आढक आणि द्रोण या मापांनी मोजण्याची रीत सांगितली. त्याही पूर्वी पाणिनीने पावसाचे प्रमाण सांगणाऱ्या शब्दांसाठी एक स्वतंत्र सूत्र केले होते. काशिकावृत्तीत त्याची उदाहरणे आहेत. गाईच्या खुराने उमटलेला खळगा भरेल इतका पाऊस तो 'गोष्पदप्र', आणि नांगराचे तास भरेल इतका तो 'सीताप्र'. व्याकरणकारानेही पाऊस मोजण्यासाठी शेताकडेच पाहिले !

आपले शेतकरी हेच करीत आले आहेत. चार बोटे ओल, वीतभर ओल, पेरणीजोगा पाऊस, ढेकळे विरघळली, वाफसा आला, ही सारी मापेच आहेत. भुरभूर, रिमझिम, झड आणि मुसळधार हे शब्दही निव्वळ वर्णनाचे नाहीत. पाऊस किती वेगाने आला आणि जमिनीत किती मुरला असेल, याचा अंदाज त्यांत साठविलेला आहे.

नाव काय सांगत नाही

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. 'पर्जन्यमापक' या नावावरून वाटते की, हे साधन गावात पडलेला सारा पाऊस मोजते. प्रत्यक्षात ते आपल्या तोंडावर पडलेला पाऊस मोजते. जुन्या सायमन्स पद्धतीच्या पर्जन्यमापकाचे तोंड पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर, व्यासाचे असते. नंतरच्या फायबरग्लासच्या पर्जन्यमापकांचे तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे. एवढ्याशा तोंडाने सांगितलेली गोष्ट आपण साऱ्या महसूल मंडळाची म्हणून स्वीकारतो.

मिलिमीटर म्हणजे काय हेही स्पष्ट असावे. पडलेले पाणी कोठे वाहून गेले नाही, मुरले नाही, त्याची वाफ झाली नाही, तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर उभा राहील ती उंची म्हणजे पावसाचे माप. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने दहा मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी पडते. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या माणसांना सांगावयाचे तर, दहा हजार लिटरचे चार टँकर. हे गणित एकदा मुलांना कळले की, बांधबंदिस्ती कशासाठी करावयाची हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र ते पाणी जमिनीत किती गेले, हे पर्जन्यमापक सांगू शकत नाही. तासाभरात कोसळलेले चाळीस मिलिमीटर आणि दोन दिवसांच्या संथ झडीचे चाळीस मिलिमीटर नोंदवहीच्या बेरजेत सारखे दिसतात. पिकाला ते सारखे नसतात. म्हणून ओल आणि वाफसा ही शेतकऱ्यांची मापे पर्जन्यमापकामुळे रद्द होत नाहीत. यंत्राचा आकडा एक गोष्ट सांगतो, हाताची बोटे दुसरी सांगतात. शहाण्या कर्मचाऱ्याने दोन्ही ऐकावीत.

आकड्यावर काय अवलंबून आहे

मित्रहो, आता ज्या गोष्टीसाठी हा शब्दांचा प्रवास केला, तिच्याकडे येतो. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला तर आपल्या राज्यात ती अतिवृष्टी मानली जाते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाची तूट आणि पावसाचा खंड हे पहिले निर्देशक आहेत. पूर्वी नजरेने अंदाजलेल्या पिकाच्या आणेवारीवर, म्हणजे आताच्या पैसेवारीवर, सारा भार असे. आता पावसाच्या आकड्याचे वजन फार वाढले आहे. नोंदवहीत ६६ आहे की ६२ आहे, यावर काहीशे घरांचा हिशेब बदलू शकतो.

असे असता पर्जन्यमापक कोठे आणि कसा ठेवला आहे, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तो मोकळ्या, सपाट जागी असावा. जवळच्या झाडाची अथवा भिंतीची जितकी उंची असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. त्याचे तोंड जमिनीशी समांतर असावे. लिंबाच्या सावलीत बसविलेला पर्जन्यमापक त्या लिंबाखालचा पाऊस मोजतो, मंडळाचा नव्हे. फनेलमध्ये पाला अडकला असेल तर तो तेवढाही मोजत नाही.

दुसरी बाब काचेच्या मोजपात्राची. प्रत्येक पर्जन्यमापकाचे मोजपात्र त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाप्रमाणे आखलेले असते. समजा, १०० चौरस सेंटिमीटरच्या पर्जन्यमापकाचे पात्र फुटले आणि कोणी २०० चौरस सेंटिमीटरचे पात्र आणून वापरू लागले. मग ७० मिलिमीटर पाऊस पडला असताना नोंद होईल ती ३५ ची. कोणी लबाडी केली नाही, कोणी कामचुकारपणा केला नाही, तरी अतिवृष्टीचे गाव साध्या पावसाचे ठरेल. काच बदलली की, मापकाचे नाव खोटे पडते.

तिसरी बाब वेळेची. रोजची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेस लिहितात. सोमवारी सायंकाळी पडलेला पाऊस मंगळवारच्या रकान्यात येतो. हे माहीत नसल्यामुळे पंचनाम्याची तारीख आणि पावसाची तारीख जुळत नाही म्हणून गावात विनाकारण वाद उभे राहतात.

आता महसूल मंडळांच्या पातळीवर 'महावेध' प्रकल्पातून स्वयंचलित हवामान केंद्रे आली आहेत. 'वेध' म्हणजे निरीक्षण. वेधशाळा हा शब्द त्यावरूनच. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा एक लहानशी कलणारी पात्रांची जोडी असते. ठरावीक पाणी साचले की, एक पात्र कलते, रिकामे होते आणि दुसरे पुढे येते. जितक्या वेळा कलले तितका पाऊस. ही युक्ती सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर रेन याने योजिली होती. यंत्र स्वतः मोजते आणि स्वतः कळविते, ही मोठी सोय आहे. परंतु त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले असेल तर ते काढण्यास शेवटी माणूसच लागतो.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतील

यासाठी मोठा निधी लागत नाही. सरळ भिंतीचा आणि सपाट तळाचा, म्हणजे वर आणि खाली सारख्याच रुंदीचा, कोणताही डबा मोकळ्या जागी पक्का बसवावा. त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की, मिळणारे मिलिमीटर हेच पावसाचे माप. तळाला निमुळता होणारा डबा मात्र चालणार नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता एका विद्यार्थ्याने मोजावे, दुसऱ्याने पडताळावे आणि दोघांनी वहीत सह्या कराव्यात. पाऊस पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहावे, कारण खंड मोजताना शून्यालाच किंमत असते. आठवड्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर यावा आणि त्याच्याशेजारी एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने सांगितलेली ओलही लिहावी.

ही नोंद सरकारी नोंदीची जागा घेणार नाही आणि तिने ती घेऊही नये. परंतु मंडळाचा आकडा आणि गावाचा अनुभव यांत वारंवार मोठे अंतर दिसू लागले, तर योग्य कार्यालयाकडे जाताना गावाच्या हातात नुसती तक्रार असणार नाही. तारखावार लिहिलेली वही असेल. अशी वही पाहून कोणताही प्रामाणिक अधिकारी पर्जन्यमापकाची जागा, काच आणि फनेल तपासल्यावाचून राहणार नाही. यात गावाचे हित आहे आणि शासनाचेही. कारण चुकीच्या आकड्यावर केलेली मदत योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही.

प्रमाण

येथून जवळच तेर आहे, संत गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे त्यांनी आपल्या थापटण्याने पारखले, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. थापटणे हे कुंभाराचे साधे हत्यार. पण गोरोबाकाकांनी ते कोणाही भेद न करता प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवले, म्हणून त्याच्या कौलाला वजन आले. मोजण्याच्या साधनाला मान मिळतो तो असा. पर्जन्यमापकाचा आकडा गावाने मानावा असे वाटत असेल, तर ते साधनही असेच निःपक्षपाती आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर असले पाहिजे.

'मा' या धातूपासून झालेल्या शब्दांत एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला होता : प्रमाण. पावसाचे प्रमाण म्हणजे पाऊस किती ते. आणि प्रमाण म्हणजे पुरावाही. ज्याच्या आधारे एखादी गोष्ट खरी मानावी ते प्रमाण. आपल्या भाषेने मोजणे आणि खरे असणे यांना एकच शब्द दिला आहे. जे नीट मोजले नाही ते प्रमाण ठरत नाही, आणि जे मोजलेच नाही त्याच्याविषयी गावाला न्याय मागता येत नाही.

त्या शाळेतल्या मुलाला आज मी सांगेन : बाळ, पर्जन्य म्हणजे पाऊस, मापक म्हणजे मोजणारा. डबा नुसता पाणी धरतो. मोजणारा तू आहेस. उद्या सकाळी साडेआठला वही घेऊन ये.